स्कॉच-आयरिश पूर्वज शोधताना : जहाज सोडा, जमीन धरा

आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातून अठराव्या शतकात निघून अमेरिकेच्या तेव्हाच्या सरहद्दीवर जाऊन बसलेल्या, बहुतेक प्रेस्बिटेरियन पंथाच्या कुटुंबांना स्कॉच-आयरिश म्हणतात. यांतले बरेचसे मूळचे दक्षिण स्कॉटलंडचे. १६१० नंतरच्या शंभर वर्षांत ते अल्स्टरमध्ये आले आणि १७१८ ते १७७५ या काळात लाटेलाटेने अटलांटिक ओलांडून गेले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत आता पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, टेनेसीकडचे जावई-सुना आहेत. नातवंडांची वंशावळ लिहायला बसले की अर्धी बाजू अशा एखाद्या कुटुंबापाशी येऊन अडते. ती अडलेली बाजू कशी सोडवायची, हे इथे क्रमाने दिले आहे.

नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो जहाजाचा : कोणते, कधी आले? तो प्रश्न बाजूला ठेवा. ही माणसे ब्रिटिश राजाची प्रजा होती आणि त्याच राजाच्या दुसऱ्या मुलखात चालली होती. त्यामुळे त्यांची यादी ठेवण्याचे कुणावर बंधनच नव्हते. फिलाडेल्फियाच्या १७२७ पासूनच्या ज्या प्रसिद्ध प्रवासी याद्या आहेत, त्या जर्मनांच्या. परकीय म्हणून त्यांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. अमेरिकी सरकारच्या प्रवासी याद्या तर १८२० पासूनच्या. तेव्हा १७४० साली आलेल्या अल्स्टरच्या माणसाचे जहाज कुणी ठामपणे सांगितले, तर त्याला पुरावा विचारा. हे लोक जमिनीसाठी आले होते, आणि कागद मागे राहिला तो जमिनीचाच.

१. हाताशी काय हवे

महागडे काही लागत नाही. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मोफत खाते उघडा. काउंट्यांची (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांची) खरेदीखते, मृत्युपत्रे आणि कोर्टाच्या वह्या यांच्या लाखो प्रतिमा तिथे आहेत. नाव टाकून शोधल्यावर जे दिसते तो त्यातला थोडा भाग असतो. बाकीचे कॅटलॉगमध्ये जाऊन, काउंटी निवडून, वहीचे पान न पान उलटून पाहावे लागते. जमीन आणि वारसा-दस्तांसाठी तिथे आता पूर्ण मजकुरात शोधण्याची सोय आहे. हस्ताक्षर यंत्राने वाचलेले असल्याने चुका असतात, पण साक्षीदार म्हणून कुठेतरी कोपऱ्यात आलेले नावही ती काढून देते. काही प्रतिमा घरून उघडत नाहीत. त्या फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात बसूनच पाहता येतात.

याशिवाय आलेख कागद, पट्टी, कोनमापक आणि एक नोंदवही. नोंदवहीत पाच रकाने आखा : तारीख, कोणती वही आणि कोणती पाने पाहिली, नाव कोणकोणत्या वर्तन्यांनी शोधले, काय मिळाले, काय मिळाले नाही. शेवटचा रकाना सगळ्यांत कामाचा. सहा महिन्यांनी तीच वही पुन्हा चाळण्याची पाळी त्याच्यामुळे टळते.

घरातून जमवायचे कागद : कौटुंबिक बायबलच्या नोंदीच्या पानांचे फोटो (बायबल कोणत्या साली छापले ते पानही; १८४० साली छापलेल्या बायबलात १७६० चे जन्म लिहिलेले असतील तर ते आठवणीतून लिहिलेले आहेत), जन्म-मृत्यूचे दाखले, जुनी पत्रे, थडग्यांचे फोटो, आणि आजी-आजोबांनी सांगितलेली गावांची व ओढ्यांची नावे.

२. अलीकडून मागे या

आजच्या पिढीपासून एकेक पायरी मागे जा. १८५० च्या जनगणनेत पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव येते. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नाते आणि आईबापांचे जन्मस्थळही मिळते. १७९० ते १८४० च्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि बाकीच्यांचे आकडे. त्यातही १७९० चे व्हर्जिनियाचे तक्ते उरलेले नाहीत. त्या नावाने जे छापलेले मिळते ते १७८० च्या दशकातल्या याद्यांवरून भरून काढलेले आहे आणि अपुरे आहे. केंटकी आणि टेनेसीचेही १७९० चे तक्ते नाहीत.

म्हणजे १८५० च्या मागे बाप-लेकाचे नाते जनगणनेतून सिद्ध होत नाही. ते मृत्युपत्र, वाटणी, खरेदीखत यांतून जोडावे लागते. एक दुवा कच्चा राहिला तर त्याच्या मागे जाऊ नका. कच्च्या दुव्यावर चढवलेल्या पाच पिढ्या दुसऱ्याच कुणाच्या निघतात.

ऑनलाइन झाडे, म्हणजे इतरांनी टाकलेल्या वंशावळी, पाहा, पण सुगावा म्हणून. ‘तीन भाऊ आले, एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला, एकाचा पत्ता नाही’ ही कथा इतक्या आडनावांबद्दल सांगितली जाते की ती ऐकली की सावध व्हावे. १६८९ मध्ये अल्स्टरमधल्या डेरी शहराला पडलेल्या वेढ्यातला शूर पूर्वज आणि घराण्याचे मानचिन्ह, यांचीही तीच गत.

३. काउंटीची वंशावळ आधी लिहा

हे टाळले की पुढचे सगळे चुकते. वसाहत जशी पश्चिमेला सरकली तशा मोठ्या काउंट्या फोडून नव्या काढल्या. माणूस त्याच शेतावर बसलेला, पण त्याचे कागद चार ठिकाणी. आणि जुने कागद जुन्या काउंटीकडेच राहतात. नव्या काउंटीबरोबर जात नाहीत.

पेनसिल्व्हेनियातल्या मर्सर्सबर्गजवळचे एक शेत घ्या. १७२९ पर्यंत हा मुलूख कागदोपत्री चेस्टर काउंटीकडे, मग लँकॅस्टर, १७५० पासून कंबर्लंड आणि १७८४ पासून फ्रँकलिन. नॉर्थ कॅरोलिनातल्या स्टेट्सव्हिलच्या परिसराचा क्रम असा : १७५० पर्यंत ब्लेडन, मग ॲन्सन, १७५३ पासून रोवन, १७८८ पासून आयरेडेल. व्हर्जिनियाची ऑगस्टा काउंटी कायद्याने १७३८ मध्ये झाली, पण तिचे कोर्ट बसले १७४५ च्या डिसेंबरात. तोवरचे सगळे कागद ऑरेंज काउंटीत आहेत. ऑगस्टाची वही १७४५ पासून सुरू होते म्हणून कुटुंब त्या साली आले, असे लिहिणारे पुष्कळ भेटतील.

हद्दींच्या भांडणांचाही हिशेब ठेवा. पेनसिल्व्हेनियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर व्हर्जिनियाचाही दावा होता आणि अमेरिकी क्रांतीच्या काळात व्हर्जिनियाने तिथे योहोगेनिया नावाची काउंटी चालवली होती. आज ती नकाशावर नाही, पण तिच्या कोर्टाच्या नोंदी आहेत. दोन्ही कॅरोलिनांच्या सीमेवर वॅक्सहॉज भागात तर साउथ कॅरोलिनात बसलेल्या माणसाची सनद नॉर्थ कॅरोलिनाची असते, कारण रेषा अजून आखलेलीच नव्हती.

एका कागदावर शेताचे ठिकाण, त्याखाली साल आणि काउंटी असा तक्ता करा आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

प्रवासाची दिशाही डोक्यात ठेवा. फिलाडेल्फिया किंवा डेलावेअरमधले न्यूकॅसल बंदर, तिथून लँकॅस्टर, सस्क्वेहाना ओलांडून यॉर्क आणि कंबर्लंड, मग ग्रेट वॅगन रोडने शेनांडोआ खोऱ्यात विंचेस्टर, स्टॉन्टन, पुढे रोनोक, नॉर्थ कॅरोलिनात सॉल्सबरी आणि शेवटी साउथ कॅरोलिनाचा डोंगरपायथा. १७६० मध्ये रोवनला दिसलेला माणूस त्याआधी कुठे होता हे माहीत नसेल, तर याच वाटेने उलटे चाला.

४. जमीन : इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पेनसिल्व्हेनियात जमीन मिळण्याच्या पायऱ्या पाच : अर्ज, वॉरंट म्हणजे जमीन मोजून देण्याचा हुकूम, मोजणी, मोजणीचा अहवाल कार्यालयात परत येणे आणि शेवटी पेटंट म्हणजे मालकीची सनद. आपल्याकडे सातबाऱ्यावरच्या नावामागे जशी फेरफारांची माळ असते, तशी ही माळ पूर्ण ओढून काढायची. वॉरंट एकाच्या नावाने, मोजणी दुसऱ्याच्या आणि पेटंट चाळीस वर्षांनी तिसऱ्याच्या, हे अगदी नेहमीचे. फक्त पेटंट पाहणाऱ्याला मधली दोन कुटुंबे कधी दिसतच नाहीत. हॅरिसबर्गच्या पेनसिल्व्हेनिया राज्य अभिलेखागाराने वॉरंटच्या नोंदवह्या आणि मोजणीचे नकाशे ऑनलाइन मोफत ठेवले आहेत.

वॉरंटचा मजकूर शेवटपर्यंत वाचा. बरेच लोक आधी जाऊन बसत, झाडे तोडून झोपडी बांधत आणि कागद नंतर करत. अशा वॉरंटवर पैशांचे व्याज कोणत्या तारखेपासून धरायचे ते लिहिलेले असते. वॉरंट १७४३ चा आणि व्याज १७३६ च्या मार्चपासून, असे दिसले तर सरकारी हिशेबाने त्या जमिनीवर वस्ती १७३६ पासून होती. फक्त ती वस्ती आधी दुसऱ्याने करून हक्क विकलेला असू शकतो. सस्क्वेहानाच्या पश्चिमेला, १७३६ मध्ये तो मुलूख मूळ रहिवाशांकडून विकत घेण्याच्या आधीच बसलेल्यांसाठी सॅम्युअल ब्लन्स्टन यांनी १७३४ पासून दिलेले परवाने आहेत; तेही वेगळे पाहायचे.

व्हर्जिनियात दुसराच सापळा. नवखे लोक व्हर्जिनिया ग्रंथालयाच्या सनदांच्या सूचीत नाव टाकतात, काही मिळत नाही आणि माणूस तिथे नव्हताच असे ठरवून मोकळे होतात. पण स्टॉन्टनभोवतीचा बेव्हर्ली मॅनर (१७३६ ची सनद, १,१८,४९१ एकर) आणि त्याच्या दक्षिणेची बोर्डनची जमीन, हे दोन प्रचंड पट्टे खासगी मालकांचे होते. तिथे बसलेल्यांनी जमीन विल्यम बेव्हर्ली किंवा बेंजामिन बोर्डन यांच्याकडून विकत घेतली. त्यामुळे त्यांचे नाव सनदांत नसून खरेदीखतांत आहे : १७४५ पर्यंत ऑरेंजच्या, नंतर ऑगस्टाच्या वह्यांत. विंचेस्टरकडची जमीन लॉर्ड फेअरफॅक्सची, तिच्या सनदांच्या वह्या आणखी वेगळ्या.

ही खरेदीखते बहुधा जोडीने असतात. पहिल्या दिवशी पाच शिलिंगांत एक वर्षाचा भाडेपट्टा, दुसऱ्या दिवशी खऱ्या किमतीचे हक्कसोड. पाच शिलिंग ही कायद्याची औपचारिकता. ‘पूर्वजाने तीनशे एकर पाच शिलिंगांत घेतले’ असे कुठे वाचलेत, तर लिहिणाऱ्याने पुढचे पान उलटले नव्हते.

ऑरेंज काउंटीत एक सोन्यासारखी नोंद मिळू शकते. व्हर्जिनियात स्वतःच्या खर्चाने माणसे आणणाऱ्याला माणशी ५० एकरांचा हक्क मिळे. तो मागण्यासाठी १७४० च्या आसपास अनेक स्कॉच-आयरिश कुटुंबप्रमुखांनी कोर्टात उभे राहून शपथ घेतली : मी स्वतः, माझी बायको अमुक आणि मुले अमुक-अमुक, असे आयर्लंडहून फिलाडेल्फियाला व तिथून या वसाहतीत स्वखर्चाने आलो, आणि हा हक्क मी प्रथमच मागत आहे. एका परिच्छेदात बायकोचे नाव, मुलांची नावे आणि आलेली वाट! मात्र शपथेची तारीख ही आगमनाची तारीख नव्हे. मधली दहा वर्षे पेनसिल्व्हेनियात गेलेली असू शकतात. आणि नोंदीतली सगळी मुले आयर्लंडला जन्मलेली असतील, तर त्यानंतर अमेरिकेत झालेली मुले तिथे नसणारच.

नॉर्थ कॅरोलिनाच्या उत्तरेकडची निम्मी जमीन अर्ल ग्रॅनव्हिल यांची. त्यांचे जमीन कार्यालय १७६३ मध्ये बंद पडले आणि राज्याचे कार्यालय उघडले १७७८ मध्ये. मधल्या पंधरा वर्षांत रोवनसारख्या काउंटीत आलेल्या कुटुंबाला नवी सनद मिळण्याची सोयच नव्हती. तो काळ करयाद्या आणि कोर्टाच्या वह्यांवरून भरून काढा. साउथ कॅरोलिनात १७५० च्या दशकापासून कुटुंबप्रमुखाला १०० एकर आणि बाकीच्या प्रत्येकाला ५० असा नियम होता, म्हणून ३५० एकरांचे वॉरंट म्हणजे बहुधा सहा माणसांचे घर. गुलाम आणि नोकरही या मोजणीत धरले जात, हे विसरू नका. जहाजाच्या प्रश्नाला अपवाद आहे तोही इथेच : १७६१ च्या कायद्याने गरीब प्रोटेस्टंटांना जहाजभाड्याची मदत मिळू लागली आणि चार्ल्सटनच्या कौन्सिलच्या कार्यवृत्तांत जहाजवार नावे उतरली. १७७२ मध्ये रेव्हरंड विल्यम मार्टिन यांच्याबरोबर पाच जहाजांतून आलेली कव्हेनंटर (प्रेस्बिटेरियनांतला एक कडवा, वेगळा राहिलेला फाटा) पंथाची कुटुंबेही तिथल्या जमिनीच्या अर्जांत सापडतात.

मोजणी कागदावर उतरवणे. चतुःसीमा अशी लिहिलेली असते : पांढऱ्या ओकपासून सुरू, उत्तर ४० अंश पूर्व १६० पोल हिकरीपर्यंत, तिथून दक्षिण ५० अंश पूर्व १०० पोल, तिथून दक्षिण ४० अंश पश्चिम १६० पोल, तिथून उत्तर ५० अंश पश्चिम १०० पोल, सुरुवातीच्या जागी. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, ३२० पोलांचा मैल आणि १६० चौरस पोलांचा एकर. वरचा आयत १६,००० चौरस पोल, म्हणजे १०० एकर भरतो. आलेख कागदावर दोन पोलांना एक मिलिमीटर धरून काढा. आठ सेंटिमीटर बाय पाच सेंटिमीटरची आकृती येते. १:२४,००० च्या नकाशावर बसवायची असेल तर १६० पोल साधारण साडेतेहतीस मिलिमीटर होतात.

आकृती बंद होत नसेल तर बहुधा नक्कल करणाऱ्या कारकुनाने उत्तरेचे दक्षिण केलेले असते. एकेक दिशा उलटवून पाहा. सगळी आकृती थोडी फिरलेली वाटली तर दोष होकायंत्राचा, कारण मोजणी चुंबकीय उत्तरेने केलेली आहे. पेनसिल्व्हेनियात एकर थोडे जास्त भरले तर घाबरू नका. रस्त्यांसाठी शेकडा सहाची सूट असे.

हा उपद्व्याप कशासाठी? चतुःसीमेत लगतच्या शेतांच्या मालकांची नावे असतात. त्यांचीही शेते काढून कोड्याच्या तुकड्यांसारखी जोडली की एका ओढ्याकाठची अख्खी वस्ती डोळ्यांपुढे उभी राहते, आणि एकाच नावाचे चार जॉन कॅम्पबेल कोण कुठला ते वेगळे होतात. मोजणीच्या साखळ्या धरणाऱ्यांची नावे लिहिलेली असतील तर तीही टिपून घ्या. ती बहुधा घरातली नाहीतर शेजारची मुले.

५. करयाद्यांवरून वय काढा

व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात १६ वर्षांवरचा प्रत्येक गोरा पुरुष करपात्र. एखाद्या घरात १७६८ मध्ये एक माणूस आणि १७६९ मध्ये दोन दिसले, तर मुलगा १७५२-५३ च्या सुमाराचा असावा. पेनसिल्व्हेनियात २१ वर्षांवरच्या अविवाहितांची यादी वेगळी असते. त्या यादीतून नाव जाऊन मुख्य यादीत आले की लग्न झाले असे समजावे. दुसऱ्याच्या जागेत राहणाऱ्या विवाहितांनाही वेगळी खूण असते. एकच साल पाहू नका, सलग दहा-पंधरा साले पाहा. नाव अचानक गायब झाले तर मृत्यू किंवा स्थलांतर. त्या सालची खरेदीखते आणि वारसा-दस्त लगेच उघडा.

छापील याद्या वर्णानुक्रमे लावलेल्या असतील तर मूळ प्रत शोधा. मूळ यादी बऱ्याचदा घरोघर फिरून केलेली असते. वर्णानुक्रम लावला की शेजार मोडतो.

६. मृत्युपत्रे आणि कोर्टाच्या वह्या

मृत्युपत्रात थोरल्या मुलाचे नाव नसेल तर तो मेला असे धरू नका. त्याला जमीन आधीच दिलेली असू शकते. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर व्हर्जिनियात १७८६ संपेपर्यंत सगळी जमीन थोरल्याला जाई. पेनसिल्व्हेनियात त्याला दुप्पट वाटा मिळे. म्हणून खरेदीखतात विकणारा स्वतःला ‘अमक्याचा थोरला मुलगा आणि कायदेशीर वारस’ म्हणवतो, तिथे एका ओळीत दोन पिढ्या जुळतात.

शब्दांचे तेव्हाचे अर्थ लक्षात घ्या. ‘ऑर्फन’ म्हणजे बाप गेलेला. आई जिवंत असू शकते आणि तिने दुसरे लग्नही केलेले असू शकते. ‘इन्फंट’ म्हणजे २१ पूर्ण नसलेला, आपल्याकडचा अज्ञान. स्वतःचा पालक निवडणारा मुलगा किमान १४ वर्षांचा. ‘सीनियर-ज्युनियर’ हे बाप-लेकच असतील असे नाही. चुलता-पुतण्या किंवा नात्याबाहेरचे दोघेही असू शकतात, आणि थोरला गेला की ज्युनियरचा सीनियर होतो. ‘कझिन’ पुतण्या-भाच्यांनाही म्हणत.

बायका कागदावर क्वचित दिसतात. नवऱ्याने जमीन विकली की पत्नीने आपला हक्क सोडल्याची नोंद होते. तिचे पहिले नाव बहुधा तिथेच मिळते. १७५५ मध्ये मार्था आणि १७६२ मध्ये जीन दिसली तर पहिली बायको बहुधा गेलेली आहे, आणि मुलांची आई कोणती हा प्रश्न नव्याने सोडवायला हवा.

मिळकतीच्या यादीत गुरे, नांगर, चरखा, बायबल असते. कधी गुलाम ठेवलेल्या माणसांची नावेही असतात. ती नावे तशीच उतरवून घ्या. त्यांच्या वंशजांना आपल्या पूर्वजांचे नाव मिळण्याची जागा अनेकदा तेवढीच असते.

ऑगस्टासाठी लायमन चॉकली यांनी काढलेले, १९१२ मध्ये तीन खंडांत छापलेले गोषवारे सगळेच वापरतात. त्यांचा उपयोग सूची म्हणून करा. गोषवाऱ्यात नावे चुकली आहेत, मजकूर गाळला आहे. प्रत्येक नोंद मूळ वहीत जाऊन वाचा.

७. तारखा, वर्तनी, अक्षर

१७५२ पर्यंत इंग्लंड, आयर्लंड आणि अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत नवे वर्ष २५ मार्चला लागे. म्हणून १० फेब्रुवारी १७४१ ही तारीख आपल्या हिशेबाने १७४२ ची असू शकते. जुन्या कागदांत ती १७४१/२ अशी लिहितात. ती तशीच उतरवा, सुधारू नका. हे विसरल्यामुळे लग्नाआधी मूल आणि मृत्यूनंतर मृत्युपत्र असले प्रकार झाडांवर दिसतात.

आडनावाची वर्तनी कारकुनाच्या कानावर अवलंबून. कर्कपॅट्रिक, किलपॅट्रिक आणि गिलपॅट्रिक एकाच घराचे असू शकतात. सूचीत ‘मॅक’ची नावे कधी एम खाली, कधी मॅक गाळून पुढच्या अक्षराखाली असतात, दोन्हीकडे पाहा. आय आणि जे या अक्षरांची सूची एकत्रच असते. जे-एन-ओ म्हणजे जॉन आणि जे-ए-एस म्हणजे जेम्स. शेवटचे घाईत वाचले की जोसेफ होतो. शब्दाच्या मध्ये एफसारखे दिसणारे अक्षर बहुधा लांब एस असते.

सही न येणारे खूण करत. कारकून वहीत नक्कल करतानाही ती खूण जमेल तशी काढत. एकाच नावाच्या दोघांपैकी एक सही करणारा आणि एक खूण करणारा असेल, तर ते बहुधा वेगळे. कोणाची खूण कशी, हे चित्र काढूनच टिपा.

८. चर्च

अपेक्षा कमी ठेवा. सरहद्दीवरची नोंदपुस्तके थोडी, आणि धर्मोपदेशक गेला की पुस्तक त्याच्याबरोबर जाई. तरी काही ठेवणी चांगल्या आहेत : ऑगस्टातल्या रेव्हरंड जॉन क्रेग यांची १७४० ते १७४९ ची बाप्तिस्म्यांची नोंद, आणि कव्हेनंटर धर्मोपदेशक जॉन कथबर्टसन यांची १७५१ पासूनची फिरतीची रोजनिशी, जिच्यात ते कोणाच्या घरी उतरले आणि कोणाचे लग्न लावले ते येते. नॉर्थ कॅरोलिनातल्या फोर्थ क्रीक मंडळीचा (म्हणजे एका चर्चच्या सभासदांचा) विल्यम शार्प यांनी १७७३ मध्ये काढलेला नकाशा तर घराघराचा आहे. मूळ कागदांसाठी फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीची सूची पाहा.

पंथाचा फाटा कोणता ते आधी ठरवा : मुख्य प्रेस्बिटेरियन, त्यांच्यातून फुटून निघालेले सीसीडर की कव्हेनंटर. कागद वेगळ्या हातांत गेलेले असतात. व्हर्जिनियात १७८० संपेपर्यंत कायदेशीर लग्न लावण्याचा अधिकार फक्त अँग्लिकन पाद्र्यांना होता. त्यामुळे लग्नाची सरकारी नोंद नाही याचा अर्थ लग्न झाले नाही असा नाही. उलट अँग्लिकन पॅरिशच्या (चर्चच्या स्थानिक विभागाच्या) वहीत प्रेस्बिटेरियनांची नावे भरपूर असतात, कारण अनाथ मुलांना कामाला लावणे आणि शेतांच्या हद्दी फिरून तपासणे ही कामे पॅरिशकडे होती. हद्द-तपासणीच्या याद्या म्हणजे शेजाऱ्यांच्या याद्या.

१७८० आधीची थडगी बहुधा नुसत्या रानदगडाची. सुबक कोरलेला ग्रॅनाइटचा दगड आणि त्यावर १७४५ दिसले, तर तो विसाव्या शतकात कुणा वंशजांनी बसवलेला आहे. तारीख त्यांनी कुठून घेतली ते शोधा.

९. एकट्याला शोधू नका

ही कुटुंबे भावकी, सोयरे आणि एका मंडळीतले शेजारी अशी टोळीने हलत. तुमच्या माणसाच्या प्रत्येक कागदावरचे साक्षीदार, जामीन, लगतचे मालक, मृत्युपत्राचे व्यवस्थापक यांची यादी करा. त्यातली जी चार-पाच नावे पुन्हा पुन्हा येतात ती रोवनहून ऑगस्टाला, ऑगस्टाहून कंबर्लंडला मागे नेऊन पाहा. तुमच्या माणसाचे नाव फार प्रचलित असेल तर त्या यादीतले सगळ्यात दुर्मीळ आडनाव धरा. तेच माग दाखवते.

नाव ठेवण्याची रीतही मदत करते : पहिला मुलगा बापाच्या बापाचा, दुसरा आईच्या बापाचा, पहिली मुलगी आईच्या आईची, दुसरी बापाच्या आईची. पुष्कळ घरे हे पाळत, सगळी नाही. यावरून सासरा कोण असावा याचा अंदाज बांधा; पुरावा म्हणून लिहू नका.

१०. क्रांतियुद्धाचे निवृत्तिवेतन

कुटुंबातला कुणी १८३२ पर्यंत जगला असेल तर जून १८३२ च्या कायद्याखालचा अर्ज शोधा. अर्जदाराला कोर्टात ठरावीक प्रश्न विचारत : जन्म कुठे व कोणत्या साली, वयाची नोंद कुठे आहे, सैन्यात गेला तेव्हा कुठे राहत होता, नंतर कुठे कुठे राहिला. पूर्वजाच्या स्वतःच्या तोंडचा स्थलांतराचा इतिहास एवढा दुसरीकडे मिळत नाही. विधवेच्या अर्जाला लग्नाचा पुरावा म्हणून बायबलची फाडलेली पाने जोडलेली असतात. तुमचा पूर्वज आधीच वारला असेल तर त्याच्या भावाचा अर्ज वाचा.

११. अल्स्टर सगळ्यात शेवटी

अमेरिकेतल्या कागदांत ‘आयर्लंड’ यापलीकडे काही नसेल तर अजून तिकडे जाऊ नका. किमान काउंटी आणि शक्यतो टाउनलँड, म्हणजे तिकडची सगळ्यात लहान जमीन-वाटणी, हाती हवी. आयर्लंडभर अशी साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत आणि एकच नाव अनेक ठिकाणी येते. फक्त आडनाव जुळले म्हणून अल्स्टरमधल्या अँट्रिम काउंटीतले कुटुंब उचलणे, ही या संशोधनातली सगळ्यात महागडी चूक.

१९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या आगीत मृत्युपत्रे आणि जनगणना मोठ्या प्रमाणावर जळाल्या. पण प्रेस्बिटेरियन मंडळींची पुस्तके तिथे नव्हती. शिवाय याद्यांच्या नकला उरल्या आहेत : १६३० च्या सुमाराचे लढण्याजोग्या पुरुषांचे हजेरीपट, १६६० च्या दशकातला चूलकर, १७४० ची प्रोटेस्टंट कुटुंबप्रमुखांची यादी, १७६६ ची धार्मिक गणना, आणि मागे राहिलेल्या भावबंदांसाठी १७९६ ची जवस लावणाऱ्यांची यादी. यांतली कोणतीच यादी अल्स्टरच्या सगळ्या घरांची नाही. तुमचा पॅरिश तिच्यात आहे का हे आधी बघा, मगच ‘नाव नाही’ असे लिहा. बेलफास्टचे सार्वजनिक अभिलेखागार जमीनदारांची दप्तरे ठेवते. ॲबरकॉर्न इस्टेटसारख्या दप्तरांत कुळांच्या भाडेपट्ट्यांच्या नोंदी असतात. डब्लिनच्या रजिस्ट्री ऑफ डीड्समध्ये १७०८ पासूनचे दस्त आहेत, पण लहान कुळे तिथे कमीच येतात. २०२२ मध्ये सुरू झालेल्या आयर्लंडच्या व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरीत जळालेल्या कागदांच्या इतरत्र सापडलेल्या नकला मोफत पाहता येतात.

१२. डीएनए

नेहमीची चाचणी पाच-सहा पिढ्यांपर्यंत उपयोगाची. १७४० चा पूर्वज आठ-नऊ पिढ्या मागे असतो. बाप-मुलगा-नातू अशी आडनावाची सलग ओळ असेल तर वाय-डीएनए (बापाकडून फक्त मुलाकडे जाणाऱ्या डीएनएची) चाचणी घ्या आणि त्या आडनावाच्या सामूहिक प्रकल्पात निकाल घाला. दोन कुटुंबे एक आहेत की नाहीत हे ती सांगते, नेमके नाते कोणते हे सांगत नाही. आईकडच्या बाजूचा पूर्वज शोधत असाल तर त्या आडनावाचा एखादा लांबचा मामा किंवा मामेभाऊ गाठून त्याची चाचणी करावी लागेल. निकाल सगळ्यांना दिसणार असतो, म्हणून त्याची संमती आधी लेखी घ्या. घरातल्या सगळ्यात वयस्कर पुरुषाचा नमुना आधी.